ज्युररचं नाव झाकतात, मग आमच्या पंचाचा पत्ता का उघडा?

फोंड्याचा_विनय

माझा मावसभाऊ इंग्लंडात स्विंडनला असतो. पोर्तुगीज पासपोर्टवर तिकडे गेलेल्या आपल्या इतर पुष्कळ गोंयकारांसारखाच, गोदामात शिफ्ट, शनिवारी क्रिकेट, मे महिन्यात जमलं तर घरी फेरी. त्याला ज्युरी ड्युटीचं पत्र आलं, म्हणजे खटला ऐकून आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या साध्या नागरिकांत बसायचं. आधी वाटलं गाडीचा दंड. मग कळलं की इंग्लंडमध्ये ज्युररसाठी नागरिकत्वाची अटच नाही. संसदेच्या किंवा स्थानिक निवडणुकीच्या मतदारयादीत नाव हवं, वय १८ ते ७५, आणि तेराव्या वर्षानंतर देशात सलग पाच वर्षं काढलेली हवीत. एवढं जुळलं की संगणक नाव उचलतो.

आता गंमत बघा. मावशीने फोनवर विचारलं, "कसला खटला रे?" तो म्हणाला, "सांगता येत नाही." मावशी म्हणाली, "मला पण?" "तुला पण." ती दोन दिवस फुगून बसली होती. खटला संपल्यावर कोर्टात सगळ्यांसमोर जे घडलं तेवढं तो बोलू शकतो. पण बाराजण बंद खोलीत काय बोलले, कुणी कुठल्या बाजूने मत दिलं, हे मरेपर्यंत बाहेर काढायचं नाही. १९८१ च्या न्यायालय अवमान कायद्यात हे होतं, २०१५ मध्ये ते ज्युरीच्या मूळ कायद्यात नेलं आणि सरळ गुन्हाच केला. स्वतःहून गूगलवर आरोपीचं नाव शोधलं तरी दोन वर्षांपर्यंत कैद. २०११ मध्ये मँचेस्टरच्या एका अमली पदार्थांच्या खटल्यातल्या ज्युरर बाईने सुटलेल्या आरोपी महिलेशी फेसबुकवर गप्पा मारल्या, तिला आठ महिन्यांची शिक्षा झाली.

हे सगळं ऐकताना मला आमच्या वाड्यावरचा दुकानदार आठवत होता. नाव-गाव सांगत नाही, पोलीस स्थानकही सांगत नाही. एका छाप्याच्या वेळी त्याला पंच म्हणून, म्हणजे झडतीचा साक्षीदार म्हणून नेलं. पंचनाम्यात त्याचं पूर्ण नाव, बापाचं नाव, वय, धंदा, घर क्रमांक, "अमुक देवळाच्या मागे" आणि मोबाईल नंबर. आरोपपत्राची प्रत कायद्याने आरोपीला फुकट मिळते, मिळायलाच हवी. त्या प्रतीचं ते पान चार घड्या घालून आरोपीचा चुलता दुकानात आला. धमकी नाही, शिवी नाही. काउंटरवर पान उलगडलं, नंबरावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हो तुमचोच न्हय?" मग एक बिस्किटाचा पुडा घेतला, पैसे दिले आणि गेला. पुढे साक्षीच्या दिवशी आमच्या दुकानदाराला काहीच आठवेना. सरकारी वकिलांनी त्याला फितूर, म्हणजे उलटलेला साक्षीदार, जाहीर केलं.

तर प्रश्न असा. आपल्याकडे ज्युरी नाही, ठीक आहे. पण न्यायदानात रस्त्यावरचा साधा माणूस ओढला जातो तो पंच आणि साक्षीदार म्हणून. त्याचं कितपत झाकावं नि कितपत उघडं ठेवावं? माझं मत आधीच सांगतो: नाव आरोपीला कळलंच पाहिजे, घर कळायची गरज नाही.

पेडणेकरीण

विनय, विषय चांगला आहे पण ज्युरीशी जोडून उगाच लांबवलास. नानावटी खटल्यानंतर (बायकोच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकाऱ्याचा खटला) ती पद्धतच बंद झाली ना आपल्याकडे? मग तिकडच्या लोकांनी ज्युरर लपवला काय, दाखवला काय, म्हाका कितें पडलां.

बाकी त्या चुलत्याचं वर्णन वाचून अंगावर काटा आला. असे लोक मी पाहिलेत.

जुनी_फाईल

पेडणेकरीणबाय, नानावटीने ज्युरी बंद केली ही दंतकथा. कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालो, तेव्हा एवढं बोलायचा हक्क आहे म्हणायचा. विधी आयोगाने चौदाव्या अहवालात, १९५८ साली, म्हणजे त्या गोळीबाराच्या आदल्याच वर्षी ज्युरी काढा असं सांगितलं होतं. राज्यांनी ती एकेक करून काढत आणली आणि १९७३ च्या फौजदारी संहितेत तिला जागाच ठेवली नाही. नानावटी खटला हा शवपेटीचा खिळा असेल, मरण आधीच ठरलेलं होतं. ८ विरुद्ध १ ने ज्युरीने निर्दोष म्हटलं, सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथे जन्मठेप, आणि १९६१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

पण विनयच्या मुद्द्याला यातलं एक उपयोगी पडेल. खटला चालू असताना बाहेर 'ब्लिट्झ' साप्ताहिक उघडउघड आरोपीच्या बाजूने लढत होतं. सगळं शहर एका बाजूला असताना त्या नवातल्या एकट्याने दोषी म्हटलं. कोण होता तो, हे तेव्हाच्या मुंबईत फुटलं असतं तर त्याला बाजारात तोंड दाखवणं कठीण झालं असतं.

आणि आपल्या मराठी माणसाला ज्युरी म्हटलं की टिळक. १९०८ चा राजद्रोहाचा खटला, नऊ जणांची ज्युरी, सात विरुद्ध दोन, न्यायमूर्ती दावर, सहा वर्षं काळं पाणी. सातजण युरोपियन, दोघे पारशी. मुंबई उच्च न्यायालयाच्या त्या दालनाबाहेर टिळकांनी दिलेल्या उत्तराची पाटी लावली आहे, मुंबईत गेलात तर बघून या. सांगायचं म्हणजे मतं कशी फुटली हे तेव्हा सगळ्यांना माहीत. आजच्या इंग्लंडमध्ये बहुमताने दोषी ठरवलं तरच आकडा कोर्टात सांगावा लागतो. निर्दोष ठरवलं तर किती विरुद्ध किती हे विचारतच नाहीत, म्हणजे सुटलेल्या माणसाच्या कपाळावर "दोघांना संशय होता" असा शिक्का बसत नाही. हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

अवांतर: ज्युरीचं एक पिल्लू आपल्याकडे अजून जिवंत आहे. पारशी विवाह कायद्याच्या खटल्यांत न्यायाधीशांबरोबर पाच पारशी प्रतिनिधी बसतात. त्यांची नावं गुप्त नाहीत, राजपत्रात छापतात. अर्थात ते दिवाणी प्रकरण, तिथे कुणी काउंटरवर कागद उलगडत नाही.

काळा_कोट_म्हापसा

विनयराव, तुमचा दुकानदार मी कोर्टात शंभरदा पाहिला आहे, म्हणजे तोच नव्हे, त्याचे भाऊबंद. तरीही तुमच्या तुलनेत एक मोठी गल्लत आहे ती काढून टाकू.

ज्युरर आरोपीविरुद्ध काही सांगत नाही. तो ऐकतो आणि ठरवतो. त्यामुळे त्याचं नाव आरोपीला कशासाठी हवं, तर फक्त आक्षेप घेण्यासाठी: हा माझ्या भावाचा शत्रू आहे, याला बसवू नका. ते काम उरकलं की नाव झाकलं तरी बचावाचं नुकसान होत नाही. साक्षीदाराचं उलट. तो आरोपीविरुद्ध बोलतो. तो कोण आहे, त्याला वैर आहे का, तो तिथे होता का, हे मला उलटतपासात विचारायचं असतं. नाव झाकलंत तर मी हवेशी भांडायचं का?

पंचाच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे जी पोलिसांना आवडत नाही. ठरलेले पंच. पोलीस स्थानकाच्या समोरचा टपरीवाला, होमगार्डचा मेव्हणा, तोच माणूस दर छाप्याला. कायदा म्हणतो "त्या परिसरातले दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी". अमली पदार्थांच्या खटल्यात पंच किती स्वतंत्र होता यावरच अख्खा खटला उभा राहतो नाहीतर आडवा पडतो. तोच माणूस आधीच्या खटल्यांत पंच होता हे मी शोधतो ते त्याच्या नावावरूनच. उद्या पंचांना "पंच क्र. १" करून टाकलंत तर सगळ्यात जास्त आनंद त्या टपरीवाल्याला होईल.

म्हणून नाव झाकणं नको. पत्ता, मोबाईल, कामाची जागा, मुलांची शाळा, हे झाकायला माझा काडीचा विरोध नाही. उलटतपासाला मला त्याचा नंबर लागत नाही. समन्स तपास अधिकारी पोचवेल, त्याच्याकडे पत्ता राहू दे.

न्यूजर्सीतून_मडगावकर

वकीलसाहेब जे म्हणताहेत तेच न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी २०२४ मध्ये ट्रम्प यांच्या खटल्यात केलं. ज्युररांची नावं आरोपीला आणि वकिलांना दिली, लोकांना नाही. घरचे आणि कामाच्या ठिकाणचे पत्ते फक्त वकिलांना, खुद्द आरोपीलाही नाही. एकदम तुमचाच तोडगा.

तरी फुटलंच. ज्युरी निवडताना प्रश्न उघड्या कोर्टात विचारतात, बातमीदार लिहून घेतात: कुठल्या भागात राहतात, काय काम, लग्न झालं का, बातम्या कुठे वाचता. नाव कुठेच नाही, पण तेवढ्यावरून ज्युरर क्रमांक दोन असलेल्या नर्सला तिच्या ओळखीच्यांनी विचारायला सुरुवात केली, "ती तूच का?" निवड झाल्यानंतर थोड्याच दिवसांत तिने न्यायाधीशांना सांगितलं की आता मला निःपक्ष राहणं जमेल असं वाटत नाही. तिला मोकळं केलं. मग न्यायाधीशांनी पत्रकारांना फर्मावलं की ज्युरर आता आणि आधी कुठे नोकरी करत होते ते छापू नका.

मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइडच्या खुनाच्या खटल्यात ज्युररांना आकड्यांनीच हाक मारत होते, नावं निकालानंतर सहा महिन्यांनी खुली केली. मला हे आवडतं. कायमचं झाकायचं नाही, लोकांचं डोकं थंड होईपर्यंत झाकायचं. अमेरिकेत नावं पूर्ण झाकलेली पहिली ज्युरी १९७७ ची धरतात, न्यूयॉर्कच्याच एका अमली पदार्थांच्या टोळीप्रमुखाचा खटला. तेव्हापासून भांडण तेच आहे: झाकलं की ज्युररला वाटतं आरोपी भयंकर असणार, म्हणूनच आपल्याला लपवताहेत. मग निर्दोषत्वाचं गृहीतक राहतं कुठे?

सुशेगाद_नाय

न्यूयॉर्कमध्ये नर्स सापडली, तर आमच्या सत्तरी तालुक्यात काय होईल? :)

सगळे शहाणे एक गोष्ट विसरताय. हा गोवा आहे. इथे नाव झाकलं तरी लोक स्कूटर ओळखतात. पोलिसांची जीप कुणाच्या दारात थांबली हे पोदेर (पाववाला) पुढच्या वाड्यावर पोचायच्या आत पोचतं. पंच कोण, साक्षीला कोण जाणार, हे आरोपपत्र दाखल व्हायच्या आधी तवेर्नात, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, ठरलेलं असतं. तुम्ही मोबाईल नंबरावर काळी शाई ओता, त्याचा नंबर गावच्या जत्रेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे. गुप्तता हा मोठ्या शहरांचा चोचला.

पेडणेकरीण

सुशेगाद, हे तुझं नेहमीचं. गळतं म्हणून छप्परच काढायचं का?

गावात कळणं वेगळं आणि सरकारी कागदावर सही-शिक्क्यानिशी आरोपीच्या हातात पत्ता देणं वेगळं. विनयच्या दुकानात तो चुलता कागद घेऊन आला. गावगप्पा घेऊन आला नाही. कागदाची जरब वेगळी असते. "आमच्याकडे तुझं सगळं लिहिलेलं आहे" हे त्याला दाखवायचं होतं.

आणि गोव्यात नुसते गाववालेच राहतात असं कुठे आहे? म्हापशात, वास्कोत, कळंगुटच्या पट्ट्यात भाड्याने राहणारे किती. हॉटेलात काम करणारी मुलं साक्षीदार असतात. त्यांना गावची ढाल नाही, घरमालक एका शब्दावर खोली खाली करायला सांगतो.

पणजीचा_बातमीदार

माझी बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून येतो. कोर्ट उघडं असतं म्हणून तुम्ही या धाग्यावर चर्चा करू शकताय. दर खेपेला झाकाझाकी सुरू केली तर आम्ही छापायचं काय, "अमुक गावातल्या कुणीतरी कुणाविरुद्ध काहीतरी सांगितलं"?

हा वाद जुना आहे. मुंबई उच्च न्यायालयात 'ब्लिट्झ'च्या संपादकांवरच अब्रुनुकसानीचा दावा चालू होता. (जुनी_फाईल काका, तुमचंच 'ब्लिट्झ'.) एका साक्षीदाराने सांगितलं की माझी साक्ष छापून आली की धंद्याचं नुकसान होतं. न्यायमूर्ती तारकुंडे यांनी तोंडी आदेश दिला की याची साक्ष छापू नका. 'ब्लिट्झ'चे बातमीदार नरेश मिरजकर आणि इतर काही पत्रकार सर्वोच्च न्यायालयात गेले. नऊ न्यायमूर्तींचं पीठ बसलं, १९६६ चा निकाल, आणि पत्रकार हरले. न्यायासाठी गरज असेल तर कोर्टाला साक्ष छापण्यावर बंदी घालता येते. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी वेगळं मत लिहिलं, आम्ही बातमीदार अजून तेच कवटाळून बसलोय.

हे आठवलं की मी थोडा नरम होतो, कारण त्या साक्षीदाराला जिवाची भीती नव्हती, गल्ल्याची होती. गल्ल्यासाठी कोर्ट ऐकतं तर दुकानदाराच्या जिवासाठी का ऐकू नये.

आणि आपल्याच गोव्यातलं सांगतो. म्हापशाच्या न्यायालयाने मे २०२१ मध्ये लैंगिक अत्याचाराच्या एका गाजलेल्या खटल्यात निकाल दिला. त्या निकालपत्रात पीडितेची ओळख पटेल असे तपशील राहिले होते. कायद्याने तिची ओळख उघड करणं गुन्हा आहे, आणि निकालपत्रातच ते. सरकार अपिलात गेलं तेव्हा उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने सांगितलं की संकेतस्थळावर टाकण्याआधी ते उल्लेख काढा. जिथे कायदा एवढा स्पष्ट आहे, तिथे ही अवस्था. साक्षीदार आणि पंच यांच्यासाठी तर तसा सरसकट कायदाच नाही. निकालपत्रात त्यांची नावं येतात, काही वेळा गावही येतं, आणि ते निकालपत्र कायम शोधून सापडतं. दहा वर्षांनी पंचाच्या मुलीचं लग्न ठरतंय, नवऱ्याकडच्यांनी आडनाव टाकून शोधलं तर "फितूर" शब्दासकट समोर येणार.

डिचोलीचो_मास्तर

मी पंच होतो. सरकारी नोकर सापडला की पोलिसांना बरं, नाही म्हणता येत नाही. (सबळ कारणाशिवाय नाही म्हटलं तर तोही गुन्हा, हे मला त्या हवालदाराने हसत हसत सांगितलं होतं.)

इथे सगळे कागदाबद्दल बोलताहेत म्हणून बाकाबद्दल लिहितो. साक्षीच्या दिवशी कोर्टाबाहेरच्या व्हरांड्यात एक लांब बाक. त्या बाकावर मी, माझ्या शेजारी दुसरा पंच, त्याच्या शेजारी जामिनावर सुटलेला आरोपी आणि त्याची आई. पंखा एकच, तो आरोपीच्या डोक्यावर. पुकारा व्हायला दुपार झाली. तोवर आई माझ्याशी बोलत होती: मास्तर, तुमच्या शाळेत आमचा अमुक होता, तुम्ही त्याला चांगलं शिकवलंत. चहा आणून दिला. तो चहा नको कसा म्हणू? प्यालो. आत गेल्यावर बचावाच्या वकिलाने पहिलाच प्रश्न विचारला, "आरोपीच्या कुटुंबाशी तुमची ओळख आहे का?"

मी जे पाहिलं ते सांगितलं. पण त्या चहाची चव जिभेवर घेऊन सांगितलं, एवढं खरं.

आणि आता नवीन फौजदारी संहितेपासून (नागरिक सुरक्षा संहिता), म्हणजे १ जुलै २०२४ पासून, झडतीचं आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं आहे. चांगलं आहे, पोलिसांना उगाच कुठे पुडी ठेवता येणार नाही. पण त्या चित्रफितीत पंच कॅमेऱ्यात बघून नाव, गाव, पत्ता सांगतो असं माझ्या ओळखीच्या एका पंचाने सांगितलं. ती फीतही पुढे आरोपीला मिळणार. कागदावरचा नंबर काळ्या शाईने झाकाल, तोंडून सांगितलेला पत्ता कसा झाकणार?

काळा_कोट_म्हापसा

मास्तर, नमस्कार तुम्हाला. बाकाचा मुद्दा पक्का आहे आणि त्यावर उपायही कागदावर आहे. स्मृती तुकाराम बडादे विरुद्ध महाराष्ट्र राज्य, जानेवारी २०२२. सर्वोच्च न्यायालयाने असुरक्षित साक्षीदारांसाठी वेगळी साक्षकेंद्रं उभारायला सांगितली: वेगळी बसायची खोली, आरोपीशी नजरानजर न होता साक्ष. आणि "असुरक्षित" म्हणजे फक्त मुलं नाहीत. धमकीची भीती असलेला साक्षीदारही त्यात येतो. पण हे मिळतं मागितलं तर. व्हरांड्यात बसलेल्या मास्तरांना कोण सांगणार की मागा?

चित्रफितीचं सांगायचं तर पंचाने पत्ता तोंडी सांगावा असं कायद्यात कुठेही नाही. ती सवय आहे. फितीत चेहरा येतो ते टाळता येणार नाही, कारण पंच खरोखर तिथे होता हेच ती फीत दाखवते. पत्ता न बोलता वेगळ्या कागदावर लिहून बंद पाकिटात न्यायालयाला देणं एका परिपत्रकाने होऊ शकतं.

सुशेगाद_नाय

परिपत्रक. :) कुणी काढायचं, कधी?

फोंड्याचा_विनय

सुशेगाद, तुझ्या स्कूटरच्या मुद्द्यावर विचार केला. गावात कळतंच, मान्य. पण त्यामुळे माझं मत उलट पक्कं झालं. नाव गुप्त ठेवून साक्षीदार वाचवायचा हा मार्ग गोव्यात चालणारच नाही, म्हणून नाव झाकण्यावर वेळ घालवू नये. जे झाकता येतं तेवढं नीट झाकावं: आरोपपत्राच्या प्रतीतला पत्ता आणि नंबर, चित्रफितीतला तोंडी पत्ता, संकेतस्थळावरच्या निकालपत्रातलं गाव आणि नातेवाईकांची नावं. बातमीदार भाऊंना कोर्टात बसायला मोकळीक, नाव छापायलाही मोकळीक, पण घर नको.

आणि मडगावकरांचा "डोकं थंड होईपर्यंत" हा मुद्दा आपल्याकडे उलटा लागू करावा लागेल. तिकडे निकालानंतर काही महिन्यांनी नाव खुलं होतं. आपल्याकडे खटलाच वर्षानुवर्षं चालतो, धोका साक्ष होईपर्यंत असतो, आणि नंतर उरतो तो इंटरनेटचा डाग. म्हणून इथे निकालानंतर झाकण्याची जास्त गरज.

जुनी_फाईल

विनय, पत्ता काढायचा तर कारकुनाला कोण सांगणार? आरोपपत्राच्या प्रती काढताना झेरॉक्सवर उभा असलेला माणूस मीच होतो. पाचशे पानं, चार आरोपी, दुपारी तीनच्या आत. त्यातला प्रत्येक पत्ता शोधून झाकायचा तर एक माणूस फक्त त्याच कामाला हवा. पोलिसांनीच सुरुवातीपासून पत्ता वेगळ्या पानावर ठेवला तरच जमेल. मागाहून झाकायची कामं कधी होत नाहीत.

पणजीचा_बातमीदार

जुनी_फाईल काकांशी शंभर टक्के सहमत. आणि हे जोडतो: आरोपपत्र हा सार्वजनिक दस्तऐवज नाही, ते सरसकट संकेतस्थळावर टाकायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं. एफआयआर मात्र संवेदनशील प्रकरणं सोडून चोवीस तासांत टाकायची, हा २०१६ चा आदेश. म्हणजे एफआयआरमध्ये तक्रारदाराचा पत्ता आहे तो गेलाच. तिथूनच सुरुवात करायला हवी.

रात्रपाळी_वास्को

धागा वाचून खातं उघडलं. जास्त लिहीत नाही. माझी बहीण एका मारामारीची साक्षीदार आहे, आरोपीचे मित्र तिच्या कामाच्या ठिकाणी येऊन बसतात. बोलत काहीच नाहीत. पोलिसांना सांगितलं तर म्हणाले, "काही केलं तर कळवा." कुठे अर्ज करायचा?

काळा_कोट_म्हापसा

बहिणीचं नाव, ठिकाण इथे लिहू नका, वरचं आहे तेवढं पुरे.

साक्षीदार संरक्षण योजना २०१८. महेंद्र चावला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ ला ती देशभर लागू केली, संसदेचा किंवा राज्याचा वेगळा कायदा होईपर्यंत तोच कायदा. नव्या संहितेच्या कलम ३९८ ने तर राज्य सरकारने स्वतःची योजना काढलीच पाहिजे असं म्हटलं आहे. जिल्हा आणि सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती असते, जिल्ह्याचे पोलीस प्रमुख सदस्य, अभियोग विभागाचे प्रमुख सदस्य-सचिव. अर्ज सदस्य-सचिवांकडे. ठरावीक नमुना आहे, सरकारी वकिलांच्या कार्यालयात मागा. पोलिसांकडून धोक्याचा अहवाल पाच कामकाजाच्या दिवसांत यायला हवा. जिवाला धोका असेल तर अ वर्ग, सुरक्षा-मालमत्ता-प्रतिष्ठेला असेल तर ब, त्रास आणि दहशत असेल तर क. तुमचं वर्णन क मध्ये बसतं, पण अर्जात वर्ग ठरवत बसू नका, काय घडलं ते तारीखवार लिहा. कोण बसलं, किती वाजता, कुठल्या टेबलावर, सीसीटीव्ही आहे का. सुनावणी बंद दालनात होते आणि अर्जाची कागदपत्रं गुप्त राहतात. तातडीचं असेल तर अहवालाआधीही अंतरिम संरक्षण मिळतं.

एक अडचण आधीच सांगतो. योजना गंभीर गुन्ह्यांसाठी आहे, साधारण सात वर्षांपर्यंत किंवा जास्त शिक्षेचे, आणि महिलांच्या विनयभंगासारखे काही. मारामारीचं कलम कुठलं लागलंय ते बघावं लागेल. साधी दुखापत असेल तर योजनेत बसणार नाही. तरी दोन रस्ते उरतात. आरोपी जामिनावर असेल आणि साक्षीदारांना संपर्क करू नये अशी अट असेल तर जामीन रद्द करायला सरकारी वकिलांना सांगा. मित्रांमार्फत संपर्क हाही संपर्कच. आणि खोटी साक्ष द्यायला धमकावणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम २३२, सात वर्षांपर्यंत शिक्षा.

रात्रपाळी_वास्को

आभारी आहे. पण ते तोंडाने काही बोललेच नाहीत, तर धमकी कशी सिद्ध करायची? आणि यात पैसे लागतात का?

काळा_कोट_म्हापसा

पैसे लागत नाहीत, खर्च राज्याच्या निधीतून होतो. तक्रार खोटी निघाली तर वसुली होऊ शकते, म्हणून घडलं तेवढंच लिहा. न बोलता बसण्याचं सांगायचं तर एकदा बसले हा योगायोग, पाच वेळा बसले की नमुना दिसतो. आजपासून प्रत्येक वेळी तारीख-वेळ लिहून ठेवायला सांगा, तिथल्या मालकाकडून सीसीटीव्हीचं चित्रण लगेच मागून घ्या, ते बहुधा काही दिवसांत पुसलं जातं. मी तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवला आहे, कलम तिथे कळवा.